ताप नव्हता

माय,

तुला वाचता येत नव्हतं, आणि कोणी वाचून दाखवलं असतं तरी ऐकू आलं नसतं. मग हे कागदावर कोणासाठी लिहिते आहे, हा प्रश्न मी सकाळपासून बाजूला ठेवला आहे. सून छोटीला घेऊन दवाखान्यात गेली आहे, मुलगा कामावर. घरात मी आणि कुकर. कुकरची शिट्टी झाली की मला अजून तुझा तळवा आठवतो. पितळी पातेल्यावर झाकण, झाकणावर तुझा तळवा, आणि तुझी नजर दाराबाहेर केळीच्या बागेकडे. डाळ कुठवर आली ते तुला हातात कळायचं. भाजत कसं नव्हतं तुला, असं तेव्हा कधी मनात आलं नाही. आता येतं. आता मी तुझ्यापेक्षा मोठी झाले आहे, तू गेलीस त्या वयापेक्षा, आणि नको त्या गोष्टी उशिरा मनात येतात.

छोटी म्हणजे माझी नात. तुझी पणती. दीड वर्षाची होत आली आहे. तिच्या बारशाला पाचोऱ्याहून माझी मुलगी आली होती, तीच आत्या. तिने पाळण्यात वाकून छोटीच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत हलके हलके धपके घातले, सगळा गलका झाला, आणि छोटी झोपलेलीच. सगळ्या हसल्या. बापावर गेली आहे, झोपाळू, असं म्हणाल्या. मीही हसले.

मग ती रांगायला लागली, बसायला लागली, पण बोलेना. सून मधूनमधून माझ्याकडे पाहायची. अक्का तेव्हा धुळ्याहून आलेल्या होत्या. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, तू त्यांना मोजून दोनदाच पाहिलंस. त्यांनी एके दिवशी छोटीला फरशीवर बसवलं, मागे जाऊन जेवणाची थाळी उलटी धरली आणि लाटण्याने दणादण वाजवली. छोटीने मान वळवली. अक्का खूश. "आयकस ना पोर, देखा," त्या म्हणाल्या. "काही नही व्हयेल तिले. बठ्ठं ठीक शे." मुलगा हसला, सुनेने पदराने तोंड पुसलं. मला मात्र पायाच्या तळव्यांना ती थाळी लागली होती. थाळीची एक कड जमिनीला टेकवून अक्का मारत होत्या, फरशी थरथरत होती. तू गावच्या फाट्यावर अनवाणी उभी असायचीस आणि यावलकडून येणारी एस.टी. वळणावर दिसायच्या आधी माझा हात ओढायचीस, ते मला आठवलं. सगळे पांगल्यावर मी छोटीला कापसाच्या गादीवर बसवलं आणि मागून हवेतच वाटीवर चमचा वाजवला. एकदा, दोनदा, जोरात. छोटी आपल्या पायाचा अंगठा चोखत बसली होती. मी वाटी ओट्यावर ठेवली. मुलगा आला तेव्हा त्याला सांगितलं, दवाखान्यात ने.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण आहेत, माझ्या मुलीएवढ्या. छोटीला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या, तपासलं. मग आम्हाला समोर बसवलं. दोन्ही कान, जन्मापासून, म्हणाल्या. सून रडली नाही. तिने छोटीची टोपी नीट केली. बाईंनी कागदावर शंख काढून दाखवला, कानाच्या आत हाडात लपलेला, आणि त्यात केसांसारख्या पेशी असतात, केशपेशी, त्या आवाजाने हलतात, असं समजावलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आजी, तुमच्या घराण्यात कोणी जन्मापासून ऐकू न येणारं होतं का?"

आणि माय, माझ्या तोंडून निघालं, "माझ्या आईला ऐकू येत नव्हतं, पण ते तापात गेले कान."

मी विचार करून बोलले नाही. नाव-गाव सांगावं तसं ते आपोआप आलं. मामांनी ते वाक्य केलं, आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं वापरलं, आणि ते माझ्या जिभेला घासून गुळगुळीत झालं होतं. बाईंनी मान हलवली आणि पुढचं लिहिलं.

तो दिवस तुला आठवत असेल. धुळ्याचे लोक मला बघायला आले होते. तू चुलीशी बसून फुंकणीने जाळ करत होतीस, शेव तळून झाली होती, चहाचं आधण ठेवलं होतं. अक्का तेव्हा नुकतं लग्न झालेल्या, ठसक्याच्या. मुलीकडचं स्वयंपाकघर पाहायचं म्हणून आत आल्या आणि तुझ्या पाठीमागून म्हणाल्या, "मावशी, पाणी द्या." तू फुंकत राहिलीस. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी उठणार तेवढ्यात मामा दारात येऊन म्हणाले, "लहानपणी फार ताप आला होता हो तिला. टायफॉईड. त्यात कान गेले. बाकी सगळं व्यवस्थित." किती सहज बोलले ते. जन्मापासून म्हटलं असतं तर पाहुणे शेव खाऊन उठून गेले असते, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पाहुणे गेल्यावर तू हनुवटी वर करून मला विचारलंस, काय म्हणाला तो. मी हात उलटा करून कपाळावर ठेवला, कानाला बोट लावलं, आणि तळव्यावरून फुंकर मारली. ताप, कान, गेले. तू माझ्याकडे पाहत राहिलीस. मग हसलीस, तुझं ते मोठं हसू, ज्याचा आवाज किती होतो हे तुला कधी कळलं नाही आणि गोठ्यातल्या म्हशीही माना वळवायच्या. तुला कधी ताप आलाच नव्हता. बाहेर वासराला आलेली गोचीड काढायचीस तू, धो धो पावसात भिजायचीस, साधी शिंक नाही. तू माझ्याच कपाळावर हात ठेवलास आणि पुन्हा हसलीस.

तेव्हापासून ती आपली खूण झाली. थाप म्हणायची असली की कपाळाला हात. माझे बापू म्हणाले आज लवकर येतो, की त्यांच्या पाठीमागे तुझा हात कपाळावर. भाजीवाली म्हणाली वांगी आजचीच आहेत, की हात कपाळावर. माझ्या पाठवणीला बायका म्हणत होत्या, पोर सुखात राहील, आणि तू गर्दीच्या मागून माझ्याकडे पाहत कपाळाला हात लावलास. मी रडता रडता हसले आणि लोकांना वाटलं, पोरीला सासरची घाई झाली आहे. तुझ्या शेवटच्या आजारात तुला खरंच ताप होता. तू माझा हात घेऊन कपाळावर दाबून धरलास. मला आजपर्यंत कळलेलं नाही, तू ताप दाखवत होतीस की डॉक्टर बरं होईल म्हणत होते त्याला थाप म्हणत होतीस.

मी सातवी शिकले, तुला माहीत आहे. बाकीचं सगळं नंतर, यांच्यामुळे. हे एस.टी.च्या आगारात होते, काळे हात धुऊन आले की पेपर मोठ्याने वाचायचे आणि अर्धा वाचून माझ्याकडे द्यायचे, आता तू वाच, मला ऐकू दे. हे गेल्यापासून मोठ्याने वाचणं बंद झालं, पण वाचणं राहिलं. मुलाची जुनी शाळेची पुस्तकं, वाचनालयातली, आता मोबाईलवर मराठीत येतं तेही. डॉक्टरांनी शंख काढल्यापासून मी त्या केशपेशींचंच वाचते आहे. काही कळतं, काही दोनदा वाचूनही कळत नाही, मग सुनेला विचारते. ती बारावी सायन्स आहे.

एक गोष्ट तुला सांगायचीच आहे. कान हा आधी कातडीच असतो. बाळ पोटात महिन्याचंही धड नसतं, तेव्हा त्याच्या डोक्याच्या दोन बाजूंना कातडीचा एकेक ठिपका जाड होतो. मग तो आत दबतो, आपण कणकेच्या उंड्यात अंगठा दाबतो तसा. खळगा होतो. मग पुरण भरून उंड्याचं तोंड मिटतो तसं त्या खळग्याचं तोंड मिटतं आणि आत एक छोटी पिशवी राहते. त्या पिशवीला कोंब फुटतो आणि तो गोगलगायीसारखा वळत जातो. तिसऱ्या महिन्याच्या आसपास त्यात केशपेशी घडायला लागतात, आधी शंखाच्या तोंडाशी, मग आत आत टोकापर्यंत. प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक केसांचा झुबका, आखूड, त्याहून लांब, त्याहून लांब, पायऱ्यांसारखा. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. म्हणजे आमच्या सगळ्यांची कातडी आत गेली आणि ऐकायला शिकली, आणि तुझी बाहेरच राहून शिकली. झाकणावरचा तळवा, फाट्यावरचे पाय.

आणखी एक. सुरुवातीला त्या सगळ्या पेशी सारख्याच असतात, कोणीही केशपेशी होऊ शकते. एक होऊ लागली की ती आपल्या अगदी लगतच्या शेजारणींना अडवते, तू होऊ नकोस. मग त्या शेजारणी दुसरं काम धरतात, तिला चहूबाजूंनी धरून उभं ठेवायचं, तिचं खाणंपिणं पाहायचं. सुनेला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे जावा-जावांसारखंच." कितीतरी दिवसांनी ती काही गमतीचं बोलली. आणि एकदा तयार झालेल्या या पेशी मेल्या तर माणसाला परत येत नाहीत. कोंबडीला येतात. हे तुला सांगितलं असतं तर तू अंगणातल्या कोंबडीकडे बोट दाखवून, मग वर देवाकडे बोट दाखवून, कपाळाला हात लावला असतास.

मी हे वाचत होते तोवर घरात दुसरंच शिजत होतं. अक्का परत आल्या होत्या. त्यांना ग्रहण आठवलं होतं. सुनेला सातवा लागला होता तेव्हा ग्रहण झालं, आणि अक्कांचं म्हणणं, त्या दिवशी ही एका जागी बसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिनी इळी हातमा लिधी व्हती. माले पक्कं माहीत शे." मी म्हटलं, "अक्का, तसं काही नसतं." त्या म्हणाल्या, "तू पुस्तकं वाचस म्हणीसन तुले तसं वाटस." मग ते शेजारी गेलं, सुनेच्या माहेरी बोदवडला गेलं, आणि तिच्या आईचा फोन आला. सून फोनवर नुसतं हं हं करत होती. त्यानंतर ती विळीवर बसली की अंग चोरून बसायची.

एका सकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. बाळंतपणापासून केस गळतात तिचे. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, आणि पाठ होती म्हणूनच बोलली असेल. म्हणाली, "आई, मी खरंच लिंबू चिरलं होतं. फार मळमळत होतं. कोणी पाहिलं नाही असं वाटलं मला."

माझे हात तेलाचे होते, तसेच तिच्या डोक्यावर राहिले. मी तिला पुन्हा तेच सांगितलं, तिसऱ्या महिन्यात घडायला लागतात, पाचवा-सहावा संपेपर्यंत कान ऐकण्याजोगा होतो, सातव्यातलं लिंबू कुठून तिथं पोचणार. ती म्हणाली, "वाचलंय मी, आई. मला माहीत आहे." तरी तिची मान खालीच. तेव्हा मला उमगलं की तिला कारण नको होतं, तिला दुसरं कोणीतरी हवं होतं शेजारी उभं राहायला. आणि ते कोण, हे या घरात मला एकटीला माहीत होतं. सांगितलं तर तुला पुन्हा त्या धुळ्याच्या लोकांसमोर बसवायचं, जन्माची बहिरी म्हणून, आणि मामांना खोटारडे ठरवायचं, आणि तू आता उठून हसणारही नाहीस. दोन दिवस मी काही बोलले नाही. थकले होते, माय. गुडघे, दवाखान्याच्या खेपा, अक्कांचं तोंड. वाटलं, राहू दे, हळूहळू विसरतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का मेथी निवडत होत्या, सून विळी घेऊन बसली, छोटी माझ्या मांडीवर. अक्का काही रागाने म्हणाल्या नाहीत, चेष्टेतच म्हणाल्या, "आते चिर बाई बिनधास्त. तवाच हात आवरता तं..."

मी म्हटलं, "अक्का, माझ्या आईला ताप आला नव्हता."

त्या निवडत राहिल्या. "कोणता ताप?"

"लहानपणचा. ती जन्मापासूनच तशी होती. छोटीसारखी. मामांनी तुम्हाला थाप मारली." आणि बोलता बोलता माझा हात कपाळावर गेलेला होता. कोणाला कळणार होतं ते.

सुनेने विळी आडवी केली. अक्कांनी हातातली मेथी खाली ठेवली. "म्हंजे तुम्ही आमले फसाडं."

"हो."

"मना भाऊले माहीत व्हतं?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं होतं त्यांना. म्हणाले, मग आपण भांडलो की सासूबाईंनाच न्यायाला बसवू, एकाचंही ऐकणार नाहीत."

अक्कांना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. मग डोळे भरले, भावाच्या आठवणीने की त्याने आपल्याला सांगितलं नाही म्हणून, मला कळलं नाही. "त्यानी माले नही सांगं," एवढंच म्हणाल्या. मेथीच्या काड्या गोळा करता करता, माझ्याकडे न पाहता, पुन्हा बोलल्या. "मी त्या दिवशी दोनदा पाणी मांगं. माले राग येल व्हता. पण ती वळनी ना, तं तांब्या भरीसनच वळनी." मी म्हटलं, भिंतीवर तुमची सावली पाहिली असेल. अक्का म्हणाल्या, "व्हई." मग दुसऱ्या दिवशी त्या धुळ्याला गेल्या. रागावून गेल्या की कसं ते सांगता येत नाही. सुनेच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी देऊन गेल्या आणि ग्रहणाचं काही बोलल्या नाहीत. बोदवडला त्यांनी फोन केला म्हणतात. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

मी डॉक्टरीण बाईंकडे जाऊन खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. छोटीचं, मुलाचं, सुनेचं रक्त घेतलं. रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघंही होतो. केशपेशी घडल्या असतील, पण त्यांना सांभाळणाऱ्या ज्या शेजारच्या पेशी, त्यांची आपसातली देवाणघेवाण चालत नाही, म्हणाल्या. असं होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. मुलाला ती माझ्याकडून आली, मला तुझ्याकडून. सुनेने विचारलं, "म्हणजे माझ्याकडूनही आली?" बाई म्हणाल्या हो, तुम्हाला कळण्याचा काही मार्ग नव्हता. मला वाटलं आता ही कोसळेल. तिने सुस्कारा सोडला, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि घटाघटा प्यायली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, तुमच्या आई कशा होत्या, सांगा ना." रिक्षात मी सांगत गेले. झाकणावरचा तळवा सांगितला. एस.टी. सांगितली.

आणि तो गळ्यावरचा हात. मी बोलले की तू तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचीस आणि तोंडाकडे पाहायचीस. तेवढ्यावर तुला बरंच कळायचं. मी एकदा, सहा-सात वर्षांची असेन, तुला ऐकू येतच नाही तर आवाज कशाला, म्हणून नुसतेच ओठ हलवले. तुझा हात गळ्यावर होता. तू फाडकन माझ्या गालावर मारलंस. एवढं कधी मारलं नव्हतंस. मग माझा हात ओढून तुझ्याच गळ्यावर ठेवलास आणि माझ्या नावाचा तुझा तो हुंकार काढलास, दोन तुकड्यांचा, पहिला लांब. माझा हात थरथरला. आजी सांगायची, माझ्या बारशाला आत्या माझ्या कानाशी वाकली तेव्हा तू मध्ये हात घातलास. बायका ओरडल्या, हे काय, कार्य थांबलं. तू आत्याच्या गळ्यावर तळवा ठेवलास आणि मान हलवलीस, आता सांग. तसं तुला माझं नाव कळलं.

छोटीचं ऑपरेशन ठरलं आहे. मशीनची तार त्या शंखात घालतात, ती केशपेशींना वगळून थेट नसेला आवाज पोचवते. मुलगा कचरत होता, मीच म्हटलं करा, लवकर करा, बोलायचं वय जाऊ देऊ नका. मला त्यात शंका नाही. तिला ऐकू यावं, शाळेत जावं, कोणी तिच्या मागून पाणी मागितलं तर तिने वळावं. आज दोघी त्याच्याच तपासणीला गेल्या आहेत.

पण एक आहे. सून कामात असते तेव्हा मी छोटीला समोर घेऊन बसते, तिचा तळवा माझ्या गळ्यावर लावते आणि तिचं नाव घेते, आवाज काढून, ओठ नुसते हलवत नाही. परवा तिने हात आपणहून ठेवला. मी बोलायची थांबले तर तिने बोटांनी गळा दाबला, बोल म्हणून. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सुनेने पाहिलं तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरांनीच करायला सांगितलं आहे, सराव म्हणून. कोणी काही सांगितलेलं नाही, माय. मशीन बसल्यावर तिला माझ्या गळ्याची गरज राहणार नाही, म्हणून मी घाई करते आहे.

गेटची कडी वाजली. आल्या वाटतं. हा कागद मी शेगडीखाली सरकवते, उद्या दूध उतू गेलं की पुसायला होईल.